फर्माइश सांगायचीय

पैज लावून सांगतो, यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. पण घटना शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे होतो... टेबलाखाली.

टायरच्या दुकानावर दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. हेच आमच्या गावचं रेडिओ स्टेशन. मी बटणं सांभाळायचो आणि माझा मेव्हणा निवेदक. आवाज असा गोड, की गाव त्याला 'गुळाचा खडा' म्हणायचं.

त्या दिवशी भर दुपारी फर्माइशींचा कार्यक्रम चालला होता.

मालक जिना चढून आला. मागे टायरवाला, त्याचा चमचा.

"नवं मशीन घेतलंय. उद्यापासून गाणी तेच लावणार. तू घरी बस."

"असं?" मेव्हणा हसला. "थांबा, गाणं संपू दे. गावालाच सांगतो."

मालकाचं टाळकं सटकलं. टायरवाल्याने मेव्हण्याचे हात मागून धरले. मी टेबलाखाली शिरलो. मालकाने माईकचा लोखंडी स्टँड उचलला आणि घातला डोक्यात.

पुन्हा घातला.

पुन्हा.

मडकं फुटावं तसा आवाज आला. रक्त पार ट्रेंवर उडालं.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं...

गाणं केव्हाच संपलं होतं. माईक चालू होता!

फोन खणखणू लागला. मालकाने उचलला, तर पलीकडून कोणी श्रोता बोलत होता.

"अहो, नवी जाहिरात झकास हं! पुन्हा लावा ना!"

अख्ख्या गावाने खून ऐकला, आणि साक्षीदार एकही नाही!

मालक पोलिसांना म्हणाला, निवेदक जिन्यावरून पडला. मीही मान डोलावली. मान शाबूत हवी होती ना!

मशीन आलं. फोनचं काम संपलं म्हणून मालकाने त्याची तार स्वतःच्या हाताने कापली.

एका दुपारी तो फोन वाजला...

मालकाने उचलला. मी शेजारीच होतो. तोच गुळाचा खडा मलाही ऐकू आला.

"फर्माइश सांगायचीय."

मशीनवरचं गाणं बंद पडलं.

शांतता...

आणि मग रेडिओवर तोच तुकडा लागला. झटापट. शिव्या. स्टँड.

एकेका घावासरशी मालकाचं डोकं फुटत गेलं... समोर कोणीही नसताना.

खाली दुकानात टायरवाल्याचा फोन वाजला. मी धावत उतरलो. त्याचे दोन्ही हात खांद्यापासून उखडून टायरमध्ये पडले होते. दुकानातला रेडिओ चालूच...

स्टेशनला टाळं लागलं. उरलो मी एकटा. तेव्हापासून घरात रेडिओ नाही, आणि फोनला मी हात लावत नाही. बायकोच उचलते.

इथवर लिहून मोठ्याने वाचत होतो, तोच बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"अहो, लाज नाही वाटत? माझ्या धडधाकट दादाला मारून टाकलंत? थापांना काही सुमार! आत्ता त्याचा फोन येऊन गेला."

"काय... काय म्हणाला?"

"तुम्हालाच विचारत होता. म्हणाला, फर्माइश सांगायचीय."