सांगवीची बाटली

तो पहिल्यांदा आमच्या गाड्यावर आला तेव्हा सोडा प्यायलाच नाही. बाटली उन्हात धरून नुसता उलटीपालटी करत बसला.

"पाव्हणं, सोडा तोंडानं पित्यात... डोळ्यांनी न्हाय!" मी म्हटलं.

"व्हय, पन काच जुनी हाय," म्हणाला, आणि बाटलीवरनं नजर काढून माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ!

हा अविराज, कोऱ्हाळे बुद्रुकचा. ठिबकच्या दुकानात कामाला, आणि नाद जुन्या गोटी सोड्याच्या बाटल्या गोळा करायचा. मग काय, इंदापुरात दर आठवड्याला त्याची कामं निघायला लागली. काचेत बुडबुडे असले की बाटली जुनी, नाव काचेतच उठलेलं असलं की दुर्मीळ, आणि पोरांनी गोटीसाठी मान फोडलेली नसली तर मग विचारूच नका. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. तरी मी आपली "पुढं?" म्हणायची.

एक दिवस मीच घरातली हिरवी बाटली आणून दाखवली. माझी आई सारजा सांगवीच्या सोडेवाल्याची लेक. बाटलीवर 'सांगवी' असं काचेत उठलेलं. आई जाऊन चार वर्षं झाली, अण्णा, म्हणजे माझे वडील जोतीराम, ती बाटली रोज पुसून देवाजवळ ठेवतात.

अविराजनं ती दोन्ही हातांनी धरली. "प्रगती... असली दुसरी न्हाय बघितली मी. बारामतीत एक जाणकार हायत, त्यांना दाखवतो. दोन दिवसांत आणून देतो."

अण्णा आत्याकडं गेलेले. मी दिली. विश्वासानं दिली.

दोन दिवसांचे सहा झाले. फोन केला की "उद्या नक्की!" मैत्रीण मनिषा म्हणाली, "इकली आसंल त्यानं. गंडवलं तुला, बयो." आणि आज पाचच्या एसटीनं अण्णा यायचे होते. त्यांना काय तोंड दाखवू? बाटली गेली याचं वाईट वाटत होतंच, पण हा माणूस असा निघाला याचं जास्त वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

साडेचारला त्याची गाडी थांबली. टॉवेलात गुंडाळलेली बाटली त्यानं पुढं केली. मान शाबूत, गोटी जागेवर! माझ्या डोळ्यांना धारच लागली. मग ती पुसून मी त्याला जे झापलं म्हणता...

"ऐका तरी! घोळ आईनं केला," तो म्हणाला. त्याची आई चंद्राबाई, तीही सोडेवाल्यांच्याच घरातली. "जुन्या सोडेवाल्यांची रीत हाय. परगावची बाटली घरात सापडली की ज्याची त्याला पोचती करायची. आईनं 'सांगवी' वाचलं, आन् मी कामावर असताना दूधगाडीवाल्याच्या हाती सांगवीला धाडून दिली!"

"मग मला सांगायचं न्हाय?"

"काय सांगू? तुमच्या आईची आठवण हरवली म्हणून? परत तोंड बघितलं आसतं माझं?... दूधगाडीवाल्याला कुणाकडं दिली तेच आठवंना, चार दिस सांगवी पालथी घातली. शेवटी तुमच्या दीपकमामांकडं घावली. ते देईनात! म्हणले, तीस वर्षांनी घरी आलीया. हीच बाटली जोतीरामनं न्हेली हुती. परत द्यायला येतो म्हणून धा खेपा केल्या, दर खेपंला बाटली इसरून आला, आन् शेवटी आमची सारजाच घिऊन गेला."

मला हसू आवरेना. अण्णा... आणि असले!

"मग तुमाला कशी दिली?"

"इचारलं, तू कुणासाठी मागतोस?"

"मग?"

"खरं ते सांगितलं." त्याचे कान लालेलाल झाले. "तर म्हणले, मग ने."

मी सोडा फोडला, उगाच. हातांना काहीतरी काम हवं होतं. "आणि... जाणकारांनी किंमत काय केली?"

"दाखवलीच न्हाय. आता दाखवायची बी न्हाय."

इतक्यात एसटी आली. अण्णा उतरले, आणि त्यांची नजर पहिली बाटलीवरच गेली.

"ही हितं कशी?"

"सांगवीच्या मामांकडनं आणली, अण्णा," अविराज कसाबसा बोलला. "चुकून तिकडं गेली हुती."

अण्णांनी बाटली घेतली, उपरण्यानं पुसली. त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझा जीव टांगणीला.

"पोरा, किती खेपा झाल्या रं तुझ्या ह्या गाड्यावर?"

अविराज बोटं मोजायला लागला.

"एकोणीस," मी पटकन बोलून गेले.

अण्णा हसले. आई गेल्यापासनं पहिल्यांदाच इतकं मोकळं हसले.

"मला धाच लागल्या हुत्या."