मागचं चाक सुटेना

पूनम या वेळी घरी असायलाच नको होती. प्रज्वलने मुद्दाम असा वार निवडला होता की ती भोसरीच्या कंपनीत असेल, आणि तो तिच्या वडिलांच्या टेम्पोत आपली कॉट, शेगडी नि बादल्या टाकून दिघीतून गुपचूप निघून जाईल. पण जॅक लावायला वाकला तर समोर तिच्या हिरव्या चपला.

"सुट्टी?" त्याने विचारलं.

"रजा. भाडेकरू सामान नेताना घरमालकांनी लक्ष ठेवायला नको?"

त्याचे कान तापले. खोली सोडतोय हे त्याने तिच्या आईला, शालनकाकूंना सांगितलं होतं. हिला सांगायची छाती झाली नव्हती.

टेम्पो पावसाळाभर अंगणात उभा होता, तोही हँडब्रेक ओढून. मागच्या चाकाचे ब्रेक-लायनर आतल्या आत गंजून ब्रेकच्या ड्रमला चिकटले होते. "चाक सोडव आन् घिऊन जा गाडी," असं पूनमच्या वडिलांनी, सोपानरावांनी फर्मावलं होतं. त्यांची जमीन गेली, बैल गेले, सवय मात्र गेली नव्हती. "हँडब्रेक म्हंजी दावं. सोडून ठिवायचं न्हाई," म्हणत ते येता-जाता त्याचा दांडा ओढून ठेवत.

प्रज्वलने पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक खाली केला, चाक काढलं, ड्रमच्या कडेने डिझेल सोडलं आणि हातोडी सुरू केली. ड्रम ढिम्म. डोळ्यांत घाम, नाकात गंज. बऱ्याच वेळाने ड्रम जरासा फिरला. त्याने दोन्ही हातांनी ओढला... तर पुन्हा घट्ट.

केबिनमध्ये डोकावला. हँडब्रेक वर.

"काका, दांडा ओढू नका हो."

"म्या न्हाई ओढला," ओट्यावरून सोपानराव म्हणाले. "पन ओढलेला बरा."

प्रज्वलने कपाळाला हात लावला, तिथेही ग्रीस लागलं. दांडा खाली केला, पुन्हा ठोकाठोकी, पुन्हा तेच. आता मात्र त्याचं डोकंच फिरलं.

"तुमच्या घरातलं काहीच सरळ सुटत नाही बघा," तो पूनमवर करवादला.

"धरून ठेवणारी माणसं आहोत आम्ही," ती चुन्नीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली. "ज्यांना सुटायचंय, त्यांनी घाम गाळावा."

त्याने हातोडी उचलली. चार घाव घातले आणि पाचवा हवेतच थांबवला. केबिनमधून बारीक आवाज आला... कर्रर्र.

तो दाराशी धावला. पूनमचा हात दांड्यावरच होता.

"तुम्ही काय करायलात?"

"दिसत नाही? जाऊ देत नाहीये."

"मग तोंडाने सांगायचं की. सकाळपासून हाडं खिळखिळी झाली माझी."

"तुम्ही सांगितलंत तोंडाने? आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, शेजारच्या मंजुळाबाईंनासुद्धा. मी तेवढी—" तिने दांडा आणखी घट्ट धरला. "रोज जिन्यात माझ्यासाठी थांबायचं, बसपर्यंत सोबत यायचं... आणि एक दिवस कॉट उचलून चालू लागायचं?"

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. ओट्याकडे एक नजर टाकून तो हळू बोलला.

"कामून चाललोय, हे तरी विचारा."

"राजगुरुनगरहून तुमची कंपनी जवळ पडते. ऐकलं."

"कंपनी गेली खड्ड्यात. पूनम... ज्या घरात भाड्यानं राहतो, ज्या काकूंच्या हातची भाकरी खातो, त्यांच्याच पोरीवर डोळा ठेवला म्हणतील काका. सगळा गाव म्हणेल. म्हणून आधी खोली सोडायची. मग लातूरहून आई-वडलांना घेऊन पाहुण्यासारखं पुढच्या दारानं यायचं. तुम्हाला मागायला."

पूनमची दांड्यावरची मूठ सैल झाली.

"हे... आधी नाही सांगता आलं?"

"तुम्ही हो म्हणाल का, हेच कळत नव्हतं."

"सकाळपासून दांडा ओढतेय मी. अजून कसं कळवायचं?"

तो हसला, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी नि हसू एकदमच आलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने हँडब्रेक धाडकन खाली केला, उडी मारून उतरली आणि चुन्नी कमरेला खोचली.

"सरका. हातोडी द्या इकडे."

"अहो, पण..."

"किती वेळ लावताय त्या ड्रमला? अंधार पडायच्या आत तुम्ही या घरातून गेलेले हवेत मला."