खिडकी नीट काढा

पंचवटीतल्या त्या बोळात भल्या सकाळी मान वर करून उभं राहू नये, हे ज्ञानेशला कोणीतरी सांगायला हवं होतं. खंडेराव फुलवाल्यांच्या घराच्या माडीवरून त्यांच्या लेकीने, पल्लवीने, झेंडूचं ओलं गोणपाट झटकलं, आणि खाली उभा असलेला एक किडकिडीत तरुण पाकळ्यांसकट न्हाऊन निघाला.

“अहो, बघून उभं राहता येत नाही का?” चूक तिची होती, म्हणून आवाजही तिनेच आधी चढवला.

“बघतच उभा होतो,” तो चष्मा पुसत म्हणाला. मग घाईघाईने… “म्हणजे, खिडकीकडे.”

खिडकी होतीच तशी. सागवानी, कमानीवर वेलबुट्टी आणि दोन कोपऱ्यांत दोन पोपट. तिथे बसून पल्लवी हार ओवायची आणि बोळातल्या बातम्या गोळा करायची. पण पुढच्या वर्षी सिंहस्थ होता. एकेक घर टाइल्स आणि काचा लावून नटायला लागलं होतं, आणि खंडेरावांनाही तिथे ॲल्युमिनियमची स्लायडिंग हवी होती. त्यासाठी घोटीचा हा नवाकोरा आर्किटेक्ट बोलावला, तर हा पठ्ठ्या म्हणाला की स्वयंपाकघर, जिना, नळ, काय हवं ते नवं करा, पण दर्शनी भाग हलवू नका, घराचा चेहरा आहे तो. चेहऱ्याचीसुद्धा माणूस कधीतरी दाढी करतोच की, असं खंडेरावांचं म्हणणं पडलं.

शेवटी खिडकी निदान कागदावर उतरवून ठेवण्याची परवानगी ज्ञानेशने मिळवली. निघताना तो बारकू सुताराला सांगून गेला, “उद्या सकाळी खिडकी काढायचीय. नीट काढू. एकही नक्षी बिघडायला नको.”

आता मराठीत माणसं चित्रही काढतात आणि दातही काढतात, त्याला तो बिचारा काय करणार? सकाळी ज्ञानेश कागद-पेन्सिल घेऊन आला, तर खिडकी बोळात आडवी. पोपटांसकट, एक ओरखडा नाही, आणि शेजारी बारकू शाबासकीची वाट बघत उभा. वर भिंतीला भलंमोठं भगदाड आणि भगदाडात पल्लवी, हातात ब्रश, तोंडाला फेस. अख्खा बोळ मान वर करून बघत होता. ज्ञानेश तेवढा खाली बघत होता, आणि हे तिला फार आवडून गेलं.

भगदाडावर ताडपत्री लागली. निघालीच आहे तर आता स्लायडिंगच, असं खंडेरावांनी जाहीर केलं. पल्लवीने जेवण सोडलं, तेव्हा कुठे दसऱ्यापर्यंतची मुदत मिळाली. वाळवीने खाल्लेली चौकट दुरुस्त होऊन तोवर खिडकी जागेवर बसली तर बसली, नाहीतर ॲल्युमिनियम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लंकाबाईआत्याने आणलेलं देवळ्याचं स्थळ यायचं होतं. कांद्याचे बडे व्यापारी. ताडपत्री लावलेल्या घरात पोरगी दाखवायची नाही, असं आत्याने बजावलं होतं.

मग काय, खाली रंधा चालायचा आणि वर ताडपत्रीचा कोपरा हळूच उचलला जायचा. एका पोपटाची चोच लहानपणी आपणच मोडली, हे पल्लवीने एकदा कबूल केलं.

“मग ती तशीच राहील,” ज्ञानेश म्हणाला. “इतिहास आहे तो.”

“माझा?”

“घराचा,” असं म्हणून तो कानापर्यंत लाल झाला.

एका दुपारी परतीच्या पावसाने गाठलं, तर या शहाण्याने छत्री उघडून खिडकीवर धरली आणि स्वतः भिजत राहिला. त्याच्याकडे बघता बघता पल्लवीचं हाराचं गणित चुकलं. झेंडू राहिला बाजूला, ती नुसते गुलाबच ओवत गेली. गिऱ्हाईक खूश झालं, खंडेराव नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी खिडकी जागेवर चढली. पल्लवी चहा घेऊन आली आणि कप दाणकन ठेवला.

“ही बसली की उद्या ते लोक येणार. कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग बसवताय कशाला?”

“नाही बसवली तर परवा स्लायडिंग येईल.” त्याने चष्मा काढला, पुन्हा लावला. “तुम्ही इथे बसून हार ओवता… ते मोडायचं पाप माझ्या हातून नाही होणार.”

“मी देवळ्याला गेल्यावर इथे बसणार कोण? तुम्ही?” तिने कप पुन्हा उचलून घेतला. “मला तुम्ही आवडता, एवढंही कळत नाही का, इंजिनिअरसाहेब?”

“आर्किटेक्ट,” तो सवयीने म्हणाला.

पल्लवीने त्याच्याकडे असं पाहिलं की बारकूने हातोडी खाली ठेवली. मग ती जी आत गेली, ती रात्री जेवायलाही बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी देवळ्याची मंडळी आली. मुलगा बरा होता, हीच पंचाईत. नकार द्यायला कारणच सापडेना. तेवढ्यात मुलाचे वडील चहा फुंकत म्हणाले, “हे जुनाट लाकूड लग्नाआधी हटवा बरं का. फोटोत भिकारी दिसतं.”

हेच खंडेराव स्वतः दोन महिने म्हणत होते. पण आपल्या घराला आपण नावं ठेवणं वेगळं. ते ताडकन उठले, पाहुण्यांचा हात धरून त्यांना खिडकीशी नेलं आणि वेल, पोपट, मोडकी चोच, सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. या नादात पोरगी दाखवायची राहूनच गेली. मंडळी कळवतो म्हणून निघाली, आणि आत्याही त्यांच्या मागोमाग.

बिजागऱ्यांना तेल द्यायला आलेला ज्ञानेश जिन्यातच थिजला होता. खंडेरावांनी त्याला वर बोलावलं आणि या खिडकीला तेल किती दिवसांनी लागतं, ते विचारलं.

“वर्षातून एकदा पुरे,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“दर रविवारी लागतं,” दाराआडून पल्लवी म्हणाली.

खंडेरावांनी आधी दाराकडे पाहिलं, मग ज्ञानेशकडे. त्याच्या हातातली वाटी कलली होती आणि तेल थेट चपलेवर सांडत होतं.

“दर रविवारी,” ज्ञानेश एकदाचा म्हणाला. “मी स्वतः येईन. जन्मभर. म्हणजे… पल्लवीची हरकत नसेल तर.”

दाराआड बांगड्या वाजल्या. हरकतीच्या नव्हत्या.

“मग येत्या रविवारी आईवडलांना पण घेऊन या,” खंडेराव म्हणाले. “या खेपेला आधी पोरगी दाखवतो. खिडकी मग.”