डावीकडची चटई

गाडी तपासायला आली की मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसे. दार उघडून खाली पायांशी बघत असे. इंजिन काय, धुऊनपुसून कोणीही चकाचक करतं, पण पायाखालची चटई खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून वकिलीणबाईंनी ती लाल, दोनच सिटांची जुनी स्पोर्ट्स कार दोराने ओढून गॅरेजात आणली, तेव्हाही तो सवयीने वाकला आणि चक्रावला. ड्रायव्हरकडची चटई जवळजवळ कोरी होती. डावीकडे मात्र उजवा पाय येतो तिथे भोक पडून खालचा पत्रा दिसत होता.

"काकू, इकडे कोण बसायचं?"

"मी. आणखी कोण बसणार? हे गाडी हाणायचे आणि मी तिथे बसून ब्रेक दाबायची. नसलेला."

वकीलसाहेब उंचेपुरे, तोंडात कायम चिरूट, आणि गाडी म्हणजे जीव की प्राण. स्टिअरिंगला कोणाला हात लावू दिला नाही, पोटच्या मुलालासुद्धा नाही. बाईंनी एकदाच चालवायला मागितली, तर म्हणाले होते, मेलो तरी तुझ्या हातात देणार नाही. मागच्या वर्षी साहेब गेले, तेही घरच्या पलंगावर, झोपेत. बाईंनी मग गुडघे कुरकुरत असताना क्लास लावला, गाडी शिकल्या, परवाना काढला. पण ही गाडी त्यांना घेऊन घराच्या फाटकाबाहेर पडेना. चालू व्हायची, फाटकापर्यंत जायची आणि ब्रेक असा धरायचा की चाकं जागीच रुतायची. मुलगा वैतागला. त्याने गिऱ्हाईक बघून ठेवलं आणि आईला बजावलं, की रविवारी पुलापर्यंत नेऊन आणलीस तर गाडी तुझी, नाहीतर मी विकून मोकळा होतो.

"मला ती कौतुकाला ठेवायची नाहीये," बाई म्हणाल्या. "एकदा तरी उजवीकडे बसून रस्ता बघायचाय मला."

मिस्त्रीला हे मनापासून पटलं. तो म्हणाला, ब्रेक धरतोय म्हणजे आतली रबरं फुगलीत, त्यात काय एवढं. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. जन्म गेला होता गाड्यांखाली उताणं पडण्यात, आणि तिथे भूत कसलं, फार तर उंदीर भेटतो.

कामाला लागला. काळंकुट्ट ऑइल सोडलं, तडकलेले पाइप बदलले, कानाला नळी लावून दोन्ही कार्ब्युरेटरचा सूर जुळवला. चारी चाकं उघडून ब्रेकची रबरं नवी घातली. फुगलेलं एकही निघालं नव्हतं, हे त्याला जरा खटकलं. बाई बुटक्या, म्हणून ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सीट पार मागे, लांब पायांच्या माणसाला लागते तशी. खटका झिजला असेल म्हणून त्याने पुढे ओढून तारेने आवळून टाकली. त्याच्या पुढच्या दिवशी सीट परत मागे होती. तार तुटली नव्हती. कोणीतरी पीळ सोडवून, सरळ करून, ती डॅशबोर्डवर नीट ठेवली होती. गाडीत चिरुटाचा वास येत होता.

मिस्त्रीला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. आपल्या गॅरेजात, आपल्या कामात ही ढवळाढवळ...

शनिवारी संध्याकाळी गाडी स्टँडवर चढवलेली होती. शेड अंधारत चाललं होतं. ब्रेकमधलं सगळं जुनं ऑइल सोडून दिलेलं, बॅटरी काढून बाकावर ठेवलेली. मागचं चाक हाताने फिरवायला गेला, तर चाक हलेना. पाइप कोरडे, ब्रेक धरणार कशाने? तो मागे सरला, आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले त्याला दिसले. ब्रेक दाबल्यावर लागतात ते. आत पॅडल खाली गेलेलं होतं आणि तिथेच थांबलं होतं.

पाना घट्ट धरून तो म्हणाला, "साहेब... असाल तर असा. पण गाडी उद्या जाणार."

मागून चपलांचा आवाज आला. बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. लाल उजेडाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मिस्त्रीला गाडी खाली उतरवायला सांगितलं. गाडी खाली टेकली, तशा तो नको नको म्हणत असतानाच त्या उजवं दार उघडून आत बसल्या. सीट मागे ओढलेली, पाय अधांतरी लोंबत होते. वास इतका दाटला की मिस्त्रीला ठसका लागला.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या. "जन्मभर तुम्ही म्हणालात तिथे बसले. आता तुम्ही सरका..."

काही झालं नाही. बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मी काही उतरायची नाही, सकाळ झाली तरी बेहत्तर, एवढंच म्हणाल्या. बराच वेळ गेला. मग खट्... खट्... करत सीट एकेक दात पुढे यायला लागली. बाईंचे पाय पॅडलला टेकले. दिवे विझले. आणि गाडी डावीकडे खचली, कोणीतरी जड माणूस बसावा तशी.

मिस्त्रीने मग रात्रभर जागून उरलेलं काम संपवलं. डावीकडची भोक पडलेली चटई काढून जाड रबराची नवी टाकली. ती टाकताना जरा कचरला, पण टाकली.

रविवारी मुलगा गॅरेजच्या फाटकाशी तोंड वाकडं करून उभा होता, गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. लाल गाडी त्यांच्यासमोरून सुसाट गेली, पुलापाशी वळून परत आली आणि गॅरेजात शिरली. बाईंचे केस पिंजारलेले, गाल लाल, आणि हसू आवरत नव्हतं. मिस्त्रीला इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले. मग सवयीने त्याने डावं दार उघडलं आणि खाली वाकला.

नव्या चटईला भोक पडलं होतं. मोठ्या, लांब बुटाएवढं. खालचा पत्रा आत दबला होता.

"दिसलं ना?" बाई म्हणाल्या. "उद्या याहून जाड बघा. लांब जायचंय आम्हाला."

त्या हसत हसत किल्लीकडे वळल्या. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं. बाईंनी किल्लीला नुसता हात लावला, आणि मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत तो पत्रा आणखी थोडा खाली गेला.