स्वच्छ गच्चीचं वय

नवजीवन कॉलनीत सगळ्यात जुनं घर ठरलं ते खाचण्यांचं. त्या बंगल्यात कधी कोणी राहिलंच नव्हतं. मालक मस्कतला, त्यांनी घर बांधलं, वास्तुशांत केली, जेवणावळ घातली, कुलूप लावलं आणि निघून गेले. पण घराचं आभाळवय भरलं बत्तीस वर्षं, आणि दारावर हिरवा शिक्का बसला.

त्याच्या शेजारच्या घरात इंदूआक्का वारके तीस वर्षं राहत होत्या. त्यांच्या घराचं आभाळवय निघालं तीन.

आभाळवय हा शब्द आता भाजीवाल्याच्याही तोंडी आहे, त्यामुळे त्यामागचं विज्ञान विचारायचं कोणाला सुचत नाही. अवकाशात लघुग्रह एकमेकांवर आदळतात, धूमकेतू झिजतात, आणि त्यांचा चुरा पृथ्वीवर अखंड पडत असतो. वातावरणातून येताना त्यातले काही कण तापून वितळतात आणि मोहरीहून कितीतरी बारीक, गोल मणी होऊन खाली उतरतात. ही सूक्ष्म उल्का. घर कोणाचं, हे ती बघत नाही. गच्चीच्या दर चौरस मीटरला वर्षाकाठी साधारण एक, असा तिचा हिशेब. गच्चीवरचे मणी मोजा, क्षेत्रफळाने भागा, की ही गच्ची किती वर्षं आभाळाखाली आहे ते कळतं.

हे मोजमाप कायद्यात आणलं ते माणसांनीच. खरेदीखत, वीजबिल, फोटो, उपग्रहचित्र, मेलेल्या सरपंचाचा बोलता जबाब, सगळं खोटं, पण हुबेहूब, यंत्राकडून चहा होईपर्यंत बनवून मिळू लागलं होतं. पूररेषा आखण्याआधीची घरं राहतील, नंतरची पाडली जातील, असा निर्णय झाला तेव्हा गिरणा नदीच्या काठी नंतरचं असं एकही घर सापडेना. शेवटी कागद नको, साक्षीदार तर नकोच, असं ठरलं. पूररेषेला पंचवीस वर्षं झाली होती. आभाळवय त्याहून कमी, तर घर जाणार.

कॉलनीतल्या मोजणीचं काम मुरलीधर भारंबे यांच्याकडे होतं. ते काही शास्त्रज्ञ नव्हते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा मोठा एक छंद होता. तरुणपणी प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून ते लोकांच्या गच्च्यांवर फिरायचे. चुंबकाला चिकटलेलं धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचे. वेल्डिंगच्या ठिणग्याही गोलच असतात आणि फटाक्यांची राखही. शंभर खोटे बाजूला सारावेत तेव्हा एक खरा हाती लागायचा. त्यावर त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका छापली. ती कोणी वाचली नाही, अशी त्यांची जुनी तक्रार होती. पूररेषा कार्यालयाने ती वाचली आणि त्यांना मोजणीदार नेमलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या कॉलनीला जिलबी वाटली.

आक्कांनी निकालाचा आकडा ऐकला आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"तीन? अहो भाऊ, याच घरात जन्मलेला माझा धाकटाच तीस वर्षांचा आहे."

"धाकटा ग्राह्य धरत नाहीत, आक्का."

भाऊंनी परत मोजायची गरज नव्हती. ते आधीच तीनदा मोजून बसले होते. कारणही त्यांना ठाऊक होतं, आणि आक्कांना ते सांगणं भाग होतं. आक्कांची गच्ची कॉलनीतली सगळ्यात स्वच्छ. दर शनिवारी झाडायची, उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे-पापड वाळत घालायच्या आधी घासून धुवायची, कोपरे चिंधीने पुसायचे. त्यांच्या गच्चीवर ताटाशिवाय जेवता यायचं. आभाळाने टाकलेलं सगळं त्यांनी आठवड्याच्या आठवड्याला उचललं होतं.

"आणि खाचण्यांनी झाडूच लावला नाही, म्हणून ते जुने," आक्का म्हणाल्या. "म्हणजे मी इथे राहिले नसते, तर मी राहिले असं धरलं असतं."

पुढचा प्रश्न कोणता येणार, हे भाऊंना कळलं होतं.

"झाडलेलं गेलं कुठे, भाऊ? तुमच्याकडेच ना?"

गेलं होतं तिथेच. छंदाच्या भरात भाऊंनी कॉलनीतल्या बायकांना केर राखून ठेवायला सांगितलं होतं. चष्मे खपत नाहीत म्हणून माणूस केर गोळा करतो, असं म्हणून बाकीच्या हसल्या आणि विसरल्या. आक्कांनी मात्र झाडूशी संबंध असलेली कोणतीही गोष्ट कधी हसण्यावारी नेली नव्हती. दर शनिवारी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून केर भाऊंच्या घरी पोचायचा. वर टोमणाही असायचा, की घ्या तुमचे तारे, त्यात माझ्या मिरच्यांचं बी आहे तेवढं परत करा.

त्या डब्यांमधून हजारावर मणी निघाले होते. भाऊंनी ते काचेच्या कुप्यांत, ओल लागू नये म्हणून कोरड्या पुड्या घालून, जिवापाड जपले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कुप्या पिशवीत घातल्या आणि पूररेषा कार्यालयात डॉ. तन्वी गावित यांच्या टेबलावर मांडल्या. मोजणीचं शास्त्र सांभाळणाऱ्या गावित मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी भाऊंची पुस्तिका कॉलेजात असताना वाचली होती. हे ऐकून भाऊ सुखावले, आणि सुखावल्याची त्यांना लगेच लाजही वाटली.

मॅडमनी एक कुपी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि भाऊंना पडदा दाखवला. पडद्यावर मणी आकाशातून आत्ताच उतरल्यासारखा चकचकत होता.

"किती सुंदर ठेवलेत तुम्ही. हीच अडचण आहे," त्या म्हणाल्या.

गच्चीवर पडलेल्या मण्याला पाऊस लागतो, गंज चढतो, त्याची काच हळूहळू खाल्ली जाते. तीस वर्षांच्या गच्चीवर जुने झिजलेले, मधले, नवे असे सगळ्या वयांचे मणी सापडतात; खोटं करणाऱ्याला ते जमत नाही. भाऊंचे मणी सगळे कोरे होते. एका दिवशी आभाळ फाटून हजार मणी पडले, असं त्यावरून सिद्ध झालं असतं, किंवा मग भाऊंनी ते कुठून तरी आणले असं.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पूर्ण आहे. पण माझा विश्वास मोजणीत धरत नाहीत, काका."

भाऊ आठवडाभर कायदा वाचत बसले. चष्म्यांची गिऱ्हाइकं परत जात होती. चिडचिड अशी, की चहात साखर कमी पडली तरी ते पूररेषेला शिव्या घालायचे. अखेर एक कलम सापडलं. आभाळवय कमी भरलेल्या घरमालकाला फेरमोजणी मागता येते. पुरेसं वय साठेपर्यंत घर पाडायचं नाही. अट एवढीच, की तोवर गच्चीला हात लावायचा नाही. झाडणं नाही, धुणं नाही, डागडुजी नाही. तसं काही केलेलं आढळलं, तर घर त्याच दिवशी गेलं.

गावित मॅडमनी अर्जावर सही केली. भाऊंनी पेढे घेतले आणि आक्कांच्या हातावर ठेवले. बावीस वर्षंच तर काढायची, असं ते म्हणाले. आक्का तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी पेढा खाल्ला, आणि भाऊंच्या तोंडादेखत जिन्याच्या दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

आता गिरणेकाठी तसलं कुलूप घरोघरी आहे. नवीन घर बांधणारे आधी गच्ची बंद करतात, मग पुढचं दार बसवतात. पतंग नाहीत, वाळवणं नाहीत. उन्हाळ्यात लोक खाली उकडत पडतात आणि कोणाच्या गच्चीवर पाऊल वाजलं तर शेजारी कार्यालयाला कळवतात. भाऊंचा छंद गुन्हा ठरला आहे. चुंबक त्यांनी दुकानात स्क्रू गोळा करायला ठेवलं आहे.

तिसऱ्या पावसाळ्यात आक्कांच्या धाकट्याने भाऊंना बोलावून घेतलं. गच्चीचं पाणी जायची वाट पानांनी बुजली होती, कठड्याला पिंपळ फुटला होता, आणि छताच्या मधोमध मोठा ओला डाग पडला होता. प्लॅस्टर खाटेपासून हातभर अंतरावर पडलं होतं. लादीवर पातेली, परात, बादली मांडलेली. धाकटा म्हणत होता, की एकदा वर जाऊन ती वाट मोकळी करतो, कोण बघतंय. आई किल्ली देत नाही.

भाऊंनी वर पाहिलं. सळया दिसत होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "आक्का, मी चुकलो. किल्ली द्या त्याला. घर गेलं तर गेलं. स्लॅब अंगावर येईल."

आक्कांनी भरलेली परात सरकवली आणि तिच्या जागी रिकामं पातेलं ठेवलं. एक हात गळ्यातल्या किल्लीवर तसाच होता.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "गळू दे. वर वय साठतंय."