खडकातली पिल्लं

रत्नागिरीची एसटी सांगली स्टँडवर थांबली, तोच राहीच्या पदरावर पाणी सांडलं... खारट वासाचं! काचेची बरणी छातीशी धरून एक सावळा तरुण ओशाळून उभा होता. बरणीत माशांची इवली इवली पिल्लं.

"माफ करा, ओलं झालं ना?"

"मी वाळीन. ती मरतील, ते बघा आधी!"

दोघंही हसली.

तो जालिंदर. तिच्याच कॉलेजात शिकणारा, माधवनगरच्या गिरणीत राबणाऱ्या बनाबाईचा मुलगा. कॉलेजच्या टाकीत सोडलेली पिल्लं मरत गेली, तसा तो कासावीस झाला.

"नुसतं खारं पाणी पुरत नाही यांना. खडकाची भेग लागते, शेवाळाची सावली लागते. नाहीतर टाकीतले मोठे मासे गिळतात."

"मग नदीतले गोटे घाला की."

"ते गुळगुळीत. लपणार कुठं?"

दुसऱ्या दिवशी राहीनं मळ्यातल्या नव्या विहिरीचे फुटके काळे दगड आणले. शेवटची चार पिल्लं सुर्रकन् कपारीत शिरली... आणि जगली. गार पाण्यात दोघांची बोटं भेटली. कुणीच हात काढला नाही.

पासष्ट साली त्याला रत्नागिरीत माशांच्या संशोधनाची नोकरी लागली.

"येशील?"

"विचारता काय? आलेच!"

ठरल्या दिवशी ती घरात न सांगता स्टँडवर आली. तो तिकिटं काढायला गेला होता. बनाबाई मात्र तिचीच वाट बघत होती.

"लेकी, तुज्याबद्दल मनात काय न्हाई. पर छप्पन साली आमी बुद्धाचा धम्म घेतला, तवा गावानं आमचं पाणी तोडलं हुतं. तुमी जाशीला रत्नागिरीला. मागं माज्या दोन पोरी हायत. तुजा बा, भाऊ... सोडतील व्हय त्यास्नी?"

आदल्याच दिवशी, दोघांची कुणकुण लागल्यावर, राहीच्या भावानं, दादासोनं, 'वस्ती पेटवीन' म्हटलेलं तिनं कानांनी ऐकलं होतं.

जालिंदर धावत आला. "चल, गाडी लागलीय!"

"मी... येत न्हाई."

"थट्टा पुरे, राही."

"थट्टा न्हाई. मला न्हाई जमायचं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "जातीमुळं?"

नाही म्हटलं, तर हा जायचा नाही. इथंच उभा राहील, सगळ्यांशी झुंजेल.

"व्हय," ती म्हणाली.

तो गाडीत चढला. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी त्यानं मागं पाहिलं नाही.

बनाबाईनं पाठीवर हात ठेवला. राहीनं तो झटकला... आणि मग तोच घट्ट धरून ती भर स्टँडवर मटकन् खाली बसली.