सर्व नोंदींना हेच लागू करा

कृत्रिम पाय बनवणाऱ्या आमच्या कार्यशाळेतला कॉम्प्युटर चौदा वर्षं बिनतक्रार चालला. सुरू व्हायला सात मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात मी चहा पिऊन, आदल्या दिवसाचा फोमचा भुगा झाडून, हात धुऊन यायचो. मला कसलीही घाई नव्हती. घाई होती ती मॅडमना, म्हणजे आमची संस्था चालवणाऱ्या बाईंना. महिनाभर पडद्यावर रोज एक पिवळी पट्टी येत होती: तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, नवी घ्या, मोफत आहे. मॅडमनी ती एक दिवस पाहिली आणि तिथेच सगळं ठरलं.

"फुकट देतायत तर घ्यायला काय हरकत आहे?"

फुकट म्हटलं की मी आधी खिसा चाचपतो. पण मॅडमसमोर नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी मान डोलावली.

आमचं काम आधी सांगून टाकतो. गुडघ्याखालून पाय गेलेला माणूस आमच्याकडे येतो. जिथे पाय बसवायचा त्या खुंटाचं माप आम्ही प्लास्टर लावून घेतो. पण पोटरी आणि नडगी दिसायला हुबेहूब हवी, म्हणून त्याच्या धडधाकट पायाचं स्कॅन करतो, कॉम्प्युटरवर त्याची डावी-उजवी बाजू उलटी करतो, आणि मशीन कडक फोमच्या ठोकळ्यातून तसा साचा कोरतं. साच्यावर पातळ कवच चढवायचं, ते वाळलं की आतला फोम हातोडीने फोडून काढायचा. साच्याचं आयुष्य चार दिवसांचं. बाकीच्या कार्यशाळा नोंदीत गेलेला पाय लिहितात, आम्ही असलेला लिहितो. आमच्या उस्तादांनी घालून दिलेली पद्धत. ते म्हणायचे, जे नाही त्याची नोंद कशाला ठेवायची? अशा दोनशे बारा नोंदी त्या कॉम्प्युटरमध्ये होत्या.

पहिली नोंद माझ्या दादाची.

दादाचा डावा पाय गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मोटारसायकल मी चालवत होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. दादाने त्यावरून आजवर एक शब्द काढलेला नाही. कधीतरी चिडून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचं केस कापायचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. दिवसाचे नऊ-दहा तास उभं राहायचं, आणि सगळा भार उजव्या पायावर. कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं: "मी एका पायावर तयार आहे." गिऱ्हाईकं हसतात. मी या धंद्यात त्याच्यासाठी आलो, आणि त्याचा प्रत्येक पाय मीच बनवलाय. त्याचा तो उरलेला पाय शेवटपर्यंत टिकावा, एवढंच मी आयुष्यात मागितलं.

नवी सिस्टिम सोमवारी सकाळी घातली. ती उतरून बसायला दुपार झाली. पहिल्याच तासात प्रिंटरने ओळख दाखवायचं सोडलं. मग स्कॅनर मुका झाला. नोंदीतली मराठी नावं गेली आणि त्यांच्या जागी चौकोन आले. जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालेना, म्हणून त्याची नवी आवृत्ती घेतली. ती अर्थातच मोफत नव्हती. तिने जुन्या नोंदी आत घेताना मला एक प्रश्न विचारला.

"या नोंदीतला पाय अस्तित्वात नाही. बरोबर?"

खाली दोन बटणं होती. एकावर "होय" आणि शेजारी बारीक अक्षरांत "शिफारस केलेले". दुसऱ्यावर नुसतं "नाही". त्याखाली एक चौकट: सर्व नोंदींना हेच लागू करा.

मी उभ्या उभ्याच वाचलं. जेवण व्हायचं होतं. पाय नसलेल्यांचाच तर कारखाना आहे आमचा, असं मनात आलं. चौकटीत खूण केली आणि होय दाबलं. दुसऱ्या कुठल्याही कार्यशाळेत ते उत्तर बरोबर ठरलं असतं.

पुढचे दहा दिवस स्कॅनर आणि प्रिंटरच्या मागे धावण्यात गेले. मॅडम दोनदा येऊन गेल्या. "फुकटचं आहे, थोडा त्रास होणारच," म्हणाल्या. अकराव्या दिवशी मी दोन पाय कोरायला लावले. आधी आमच्या जुन्या पेशंट, शिवणवाल्या मावशींचा, त्यामागे दादाचा, कारण त्याच्या जुन्या पायाला भेग पडली होती.

मावशींचा साचा दुपारी निघाला. आमचे प्लास्टरवाले काका तो हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. काका या कामात माझ्याहून जुने, बोलायला कंजूस.

"मावशींचा डावा गेलाय ना?"

"हो."

"मग हा उजवा का?"

मी पाहिलं. खरंच उजवा होता. उलटा करायचं प्रोग्रामने सोडून दिलं होतं. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

"आणि ही बोटं कुठून आली?" काकांनी विचारलं.

आम्ही स्कॅन घोट्यापाशी थांबवतो. खालचं पाऊल रबराचं, तयार मिळतं. या साच्याला पाऊल होतं. पाच बोटं, नखं, टाचेला भेगा. मावशींच्या शिलाई मशीनचं पायडल दाबून तळव्याला पडलेला घट्टासुद्धा. मी बोट फिरवून पाहिलं. फोम नेहमीसारखाच खरखरीत होता, थोडा कोमट. आत्ताच मशीनमधून निघालाय, कोमट असणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

"चुकलाय. फोडून टाका."

काकांनी तो फरशीवर ठेवला. तीन घाव. चार वाजायला आले होते.

साडेचारला मावशींच्या मुलीचा फोन आला. आई शिवायला बसली होती. पडली नाही, घसरली नाही, काही आदळलं नाही. बसल्या जागी किंचाळली. उजवा पाय मोडलाय, हाड तीन ठिकाणी.

"वय झालंय," मी म्हणालो. "हाडं ठिसूळ होतात."

ते मी मनापासून बोललो होतो. बायकांची हाडं ठिसूळ होतात, हे मला माहीत आहे. फोम म्हणजे फोम, हेही माहीत आहे. तरी संध्याकाळी निघायच्या आधी मी नोंदी उघडून पाहिल्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा. प्रत्येकीत असलेल्या पायापुढे लिहिलेलं: नाही. बदलायला गेलो तर ती ओळ फिकट राखाडी झालेली, क्लिक घेईना. मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"जुन्या सिस्टिमवर मागे जायची मुदत दहा दिवस होती, सर," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही मान्य केलंय, सर. सोमवारी, दोन वाजून सहा मिनिटांनी."

"चुकून केलं. त्या नोंदी चुकीच्या आहेत."

"आमच्याकडे बरोबर दिसतायत," ती गोड आवाजात म्हणाली. "काही तफावत असली तर सिस्टिम हळूहळू जुळवून घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेलो. मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चाळीस वर्षं एका पायाने मशीन चालवणारी बाई. आता तोही पाय दोऱ्यांनी टांगलेला. मुलगी औषधं आणायला गेली तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"कातडीवर वळसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, हाड आपोआप मोडलं. आपोआप कसं मोडेल? कुणीतरी ठोकलं. तीनदा. मी मोजलं ना."

काकांचे तीन घाव मला आठवले, आणि यादीत मावशींच्या खाली कोण होतं तेही.

मी कार्यशाळेत फोन लावला. उचलला नाही. मशीन चालू असलं की काकांना फोन ऐकू येत नाही. म्हणजे मशीन चालू होतं.

दोन चौक मी पळत गेलो.

मशीन थांबलं होतं. दारातच फोमच्या धुळीचा वास आला. काका मागच्या खोलीत हात पुसत उभे होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "यादीत होता म्हणून कोरून घेतला. हाही उजवाच निघाला. फोडायलाच घेणार होतो."

साचा टेबलावरच्या शिकंज्यात आवळलेला होता. हातोडी शेजारी.

दुसरं बोट पहिल्यावर चढलेलं. लहानपणी दादा पाण्याच्या टाकीवरून पडला होता, तेव्हापासूनचं. ते बोट कुठल्याच स्कॅनमध्ये नव्हतं.

मी दादाला फोन केला. मागे कात्रीचा आवाज येत होता.

"दादा, पाय कसा आहे?"

"तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "पाच मिनिटांपासून पोटरी नुसती आवळून आलीय. बधिर झालीय. उभं राहवत नाही रे."

मी फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने शिकंज्याचा दांडा अर्धा फेरा सैल केला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी आणखी अर्धा फेरा फिरवला.

"हं," दादा म्हणाला. "सुटली."

काका माझ्याकडे बघत होते. मी हातोडी उचलून खिडकीबाहेर टाकली. त्यानंतर काका चार दिवस कामावर आले, मग गावी गेले ते परतले नाहीत.

मशीनचं कोरायचं पातं मी काढून घेतलं. मॅडमना सांगितलं, मशीन बिघडलं. त्या भडकल्या. फुकटच्या गोष्टीचंसुद्धा मी वाटोळं केलं, असं म्हणाल्या. तेवढं मात्र खरं होतं. नवं पातं त्यांनी मागवलंय. ते येईपर्यंत उरलेले दोनशे दहा जण आपापल्या पायांवर चालताहेत. मी मागवायचे कागद दोनदा हरवले. तिसऱ्यांदा त्यांनी ते स्वतः पाठवले.

दादाचा साचा मी घरी आणला. कपाटात जाड रजई अंथरून त्यावर आडवा ठेवला. कपाटाला कुलूप असतं, किल्ली माझ्या गळ्यात. पहिल्या रात्री तसाच उघडा ठेवला होता, तर सकाळी दादाचा फोन: "उजव्या पायाला थंडी वाजतेय रे, रात्रभर झोप नाही." मी साच्यावर लोकरीचा मोजा चढवला. दुपारी त्याने आपणहून कळवलं की आता बरं आहे. मी भिंतीला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बावीस वर्षांनी मला त्याच्यासाठी काहीतरी करता आलं होतं, आणि ते त्याला सांगायची सोय नव्हती.

पण फोम टिकत नाही. तो चार दिवसांत फोडण्यासाठीच बनवलेला असतो. त्यावर लाखेचा हात द्यावा म्हणून मी नडगीवर दोन बोटं रुंद पट्टा रंगवला, तर दादाच्या नडगीला तेवढ्याच जागी कातडी ताणून फुटली. घाईघाईने पुसला. तेव्हापासून नुसता जपतो. हवा लागू देत नाही, हात लावत नाही. बायको विचारते कपाटात काय आहे, मी खेकसतो. आता तिने विचारायचं सोडलंय आणि माझ्याशी बोलायचंही.

तरी रोज सकाळी रजईवर चिमूटभर पांढरी पूड पडलेली असते. टाकवत नाही. मऊ ब्रशने गोळा करून एका डब्यात ठेवतो.

परवा वहिनीचा फोन आला. दादा आता बसून केस कापतो, म्हणाली. उजव्या बुटात दोन मोजे घालावे लागतात, तरी पाय आत हलतो. डॉक्टरांना काही सापडत नाही. "तुम्ही एकदा बघाल का? तुम्हाला पायातलं कळतं."

येतो म्हणालो. फोन ठेवून कपाट उघडलं, सकाळची पूड डब्यात झाडली आणि डबा उजेडात धरला. तो पाव भरला आहे.